कुष्ठरोगांतील दाहाचें प्रथिन

१९३९ सालीं संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगानें जर्जर होऊन सेवाग्रामास आले. गांधीजींनीं त्यांना आश्रमांत ठेवून घेतलें. त्यांचें अंग ते स्वतः चोळून देत. वर्ध्यालगत दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांचें कुष्ठधाम १९३६ पासून चालूं होतें. सेवा होती, रामबाण औषध मात्र नव्हतें.

तें पुढें डॅप्सोनच्या रूपानें आलें. १९५१ सालीं वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली आणि तिचे कार्यकर्ते खेडोपाडीं घरोघर जाऊन रोगी शोधूं लागले. पण या रोगांत एक विपरीत प्रकार घडतो. औषध लागूं पडून जंतु मरूं लागले असतांच कांहीं रोग्यांना ताप भरतो, अंगावर लाल, दुखऱ्या गांठी उठतात, मज्जातंतु सुजतात. गोळीवरचा विश्वासच उडावा असा हा प्रसंग! जंतु तर मेले. मग जाळतें कोण?

जाळणारें द्रव्य रोग्याच्याच पांढऱ्या पेशी सोडीत होत्या. १९७५ सालीं न्यूयॉर्कच्या संशोधकांना उंदरांतील अर्बुदें कुजविणारें एक द्रव्य आढळलें. त्यावरून ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ हें नांव पडलें. नांव अर्बुदाचें, मुख्य काम मात्र दाह पेटविण्याचें. बारशाची घाई शास्त्रांतहि नडते. हें प्रथिन रक्तांत अत्यल्प असतें. १९८४ मध्यें त्याचें मानवी जनुक ई. कोलाय या आंतड्यांतील जंतूच्या अंगांत घालण्यांत आलें. जंतु वाढले, आणि माणसाचें प्रथिन घडवूं लागले. तें शुद्ध केलें म्हणजे १५७ अमिनो आम्लांची सांखळी हातीं येते; अशा तीन सांखळ्या जुळून तें काम करतें. ही कुपी रोग्याला टोंचावयाची नव्हे. प्रयोगशाळेंत ती वजनमापासारखी वापरतात: ठाऊक असलेल्या प्रमाणाशीं रोग्याच्या रक्ताची तुलना करावयाची.

१९९१ सालीं ब्राझीलमध्यें दाह उठलेल्या रोग्यांच्या रक्तांत हें प्रथिन वाढलेलें आढळलें. त्याच वर्षीं दुसरें कोडें सुटलें. गर्भांतील मुलांना व्यंग आणणारें म्हणून १९६१ मध्यें बाजारांतून उठलेलें थॅलिडोमाइड या दाहावर गुणकारी आहे, असें जेरुसलेमच्या डॉ. शेस्किन यांना १९६४ च्या सुमारास दिसलें होतें. कारण कोणालाच ठाऊक नव्हतें. तें औषध पेशींना हेंच प्रथिन कमी बनवावयास लावतें, हें आतां कळलें. मात्र गर्भाचें भय गेलेलें नाहीं. मूल होण्याच्या वयाच्या स्त्रीला तें देतांना वैद्याचा हात आजहि आखडतो. तिच्या वांट्याला बहुधा स्टेरॉइडच येतें.