बोअर
बोअर : बंदुकीच्या नळीच्या आंतरव्यासाचे परंपरागत माप. बारा बोअर म्हणजे बारा मिमी. हा समज चुकीचा आहे. एक पौंड (सु. ४५४ ग्रॅ.) शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोळे ओतल्यास त्यांपैकी एक ज्या नळीत चपखल बसतो, ती नळी बारा बोअरची होय. साहजिकच आकडा वाढला की व्यास घटतो : बारा बोअरचा सु. १८·५ मिमी., तर वीस बोअरचा सु. १५·६ मिमी. सूक्ष्ममापनाची साधने दुर्मिळ होती, तेव्हा वजनाचा आधार सोयीचा ठरे; तोफांनाही गोळ्याच्या वजनावरूनच नावे पडली. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्याने या आकड्यांना इंचांतील निश्चित व्यास जोडले. छर्ऱ्यांच्या बंदुकांबाबत ही पद्धत केवळ सवयीने टिकली आहे. ·४१० हा मात्र अपवाद. तो प्रत्यक्ष इंचांतील व्यास होय.