रीवॉक

रीवॉक हा कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या व्यक्तींना उभे राहण्यास व चालण्यास साहाय्य करणारा, विजेरीवर चालणारा बाह्यसांगाडा आहे. तो कपड्यांवरून पट्ट्यांनी शरीराला बांधला जातो. इस्रायली अभियंता अमित गोफर यांनी तो विकसित केला. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैयक्तिक वापरासाठी मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेला हा पहिला बाह्यसांगाडा होय.

इतिहास

१९९७ साली वाहन अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन गोफर यांचे हात व पाय दोन्ही दुर्बल झाले. अशा रुग्णांना व्हीलचेअरखेरीज पर्याय असावा या हेतूने त्यांनी २००१ मध्ये आर्गो मेडिकल टेक्नॉलॉजीज ही कंपनी स्थापन केली. २०१२ मध्ये ब्रिटनच्या क्लेअर लोमास यांनी रीवॉक बांधून लंडन मॅरेथॉनचे अंतर १७ दिवसांत पार केले. घोडेस्वारी करताना २००७ साली झालेल्या अपघातामुळे त्यांचे पाय निकामी झाले होते. शर्यत एका दिवसात पूर्ण न झाल्याने नियमानुसार त्यांना पदक मिळाले नाही. तेव्हा इतर काही धावपटूंनी आपली पदके त्यांना दिली.

कार्यपद्धती

नितंब व गुडघ्यांच्या सांध्यांपाशी मोटारी बसवलेल्या असतात. बसणे, उभे राहणे किंवा चालणे यांची निवड मनगटावरील नियंत्रकाने केली जाते. यंत्र मेंदूचे संकेत वाचत नाही. वापरकर्त्याने धड पुढे झुकवले की संवेदक तो झुकाव टिपतो आणि मोटारी पाऊल पुढे टाकतात. तोल मात्र यंत्र सांभाळत नाही, त्यासाठी दोन्ही हातांत कुबड्या घ्याव्या लागतात.

मर्यादा

हात व खांदे सशक्त असणे आवश्यक असल्यामुळे खुद्द गोफर यांना रीवॉक वापरता आला नाही. पुढे त्यांनी उभ्याने वापरता येणारी, स्वतःचा तोल राखणारी अपअँडराइड ही व्हीलचेअर तयार केली. हाडे ठिसूळ असलेल्यांनाही रीवॉक चालत नाही. २०१४ ची मान्यता छातीच्या सातव्या ते कमरेच्या पाचव्या मणक्याच्या पातळीवरील इजांसाठी होती व सोबत प्रशिक्षित मदतनीस असणे बंधनकारक होते. त्याहून वरच्या, छातीच्या चौथ्या ते सहाव्या मणक्याच्या पातळीवरील इजा असल्यास वापर पुनर्वसन केंद्रापुरता मर्यादित होता. जिना चढण्या-उतरण्यास परवानगी २०२३ मध्ये मिळाली.

किंमत हा सर्वांत मोठा अडथळा ठरला. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०२४ मध्ये या यंत्रासाठी सुमारे ९१ हजार डॉलर इतका दर निश्चित केला.