नाणेघाट : जिथे दम लागतो, तिथेच राजाचं नाव

भाईंदर पश्चिमेला खाडीच्या काठावर उभं राहिलं की समोर दिसतं ते उल्हास नदीचं पाणी. ही नदी कल्याणवरून वाहत आपल्यापर्यंत येते. आणि इथून विरारच्या दिशेने तीन स्टेशनं गेलात की नालासोपारा. आज आपल्यासाठी कल्याण आणि नालासोपारा म्हणजे चेंगराचेंगरीचे प्लॅटफॉर्म. दोन हजार वर्षांपूर्वी ही बंदरं होती, आणि तिथला माल जुन्नरकडे चढवायची वाट होती नाणेघाट. मागच्या डिसेंबरात मी ती एका दिवसात चढून-उतरून आलो. आजचा भाग त्या वाटेबद्दल.

पहाटेची लोकल, दादरला बदल, कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी, आणि मुरबाडच्या पुढे वैशाखरे. सुरुवातीचं जंगल सोपं वाटतं. मग चढ लागतो तो सुटतच नाही. मोठमोठे काळे दगड, त्यातले काही पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले. दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्या माणसाचे गुडघे तिथे खरं बोलायला लागतात. डोक्यावर नानाच्या अंगठ्याचा कडा, समोर दोन कातळांमधली अरुंद नळी. आणि नळीत शिरायच्या आधी एक गुहा.

मी आत गेलो आणि दगडी बाकावर आडवाच झालो. दम परत आला तेव्हा नजर भिंतीवर गेली, आणि एक गोष्ट डोक्यात शिरली. घाट चढणारा प्रत्येक माणूस नेमका इथेच बसणार, हे सातवाहनांनी ओळखलं होतं. म्हणूनच त्यांनी आपला लेख इथे कोरला.

लेख साधारण इसवी सन पूर्व पहिल्या शतकातला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणी नागनिका आणि तिचा नवरा सातकर्णी यांच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि त्यात दिलेली दक्षिणा, यांची ही यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. सगळं मोजून! एका ठिकाणी आकडा आहे 24,400.

आता इथे माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. या आकड्यांत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. 100 ला वेगळी खूण, 1000 ला वेगळी. 4000 लिहायचे तर 1000 च्या खुणेलाच 4 जोडायचा. आपल्या अंकांच्या पूर्वजांपैकी काही इथल्या दगडावर आहेत. भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या आकड्यांचा अभ्यास केला, आणि 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूपही त्यांनीच उकरला. म्हणजे या वाटेची दोन्ही टोकं एकाच माणसाने वाचली.

नळीतून वर गेलं की मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीचा रांजण म्हणतात त्याला, रील्समध्ये तोच असतो. पण गुहेतला हिशोब दक्षिणेचा आहे, जकातीचा नाही. घाटातून पैसा येत असणार, पण भिंतीवर मिरवला तो दिलेला पैसा. घेतलेल्याची जाहिरात कोण करतं?

अडचणीची वाट ही सत्तेची आवडती जागा, आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. जॉर्डनच्या वाळवंटात पेट्राला जाताना सुमारे सव्वा किलोमीटर लांबीची अरुंद घळ लागते, सिक नावाची. तिथल्या नबाती राजांची श्रीमंती अशाच काफिल्यांवर उभी होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात पेट्राच्या वाटेवरच्या बंदरात मालाचा चौथा हिस्सा घेणारा अधिकारी आहे. त्याच पुस्तकात आपलं कल्याणही आहे. आधी मोकळं असलेलं हे बंदर नंतर अडवलं गेलं, आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं तो लेखक सांगतो.

कारण क्षत्रप आणि सातवाहन यांचं भांडण याच व्यापारासाठी चाललं होतं. ते कसं संपलं? 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला!

गुहेत राजघराण्याच्या मूर्तीही होत्या. आज वर कोरलेली नावं आहेत आणि खाली फक्त पायांच्या खुणा. उतरताना माझे पाय थरथरत होते, आणि मी त्याच गुळगुळीत दगडांवर जपून पावलं टाकत होतो. ते दगड ज्यांनी झिजवले, त्यांच्या पाठीवर ओझी होती. त्यांच्यातल्या कुणाचंही नाव भिंतीवर नाही. गाई मोजल्या, घोडे मोजले, हमाल कुणी मोजले नाहीत.

तुम्ही गेलात तर रांजणाबरोबर फोटो काढाच. पण आधी गुहेत बसा, भिंतीला हात न लावता आकडे शोधा, आणि येताना त्या दगडांकडे नीट बघा. भेटू पुढच्या भागात!