नाव घातलं का? : भंडाऱ्याचे पदवीधर आणि नोकरीची नोंद

आजचा विषय भंडाऱ्यातल्या कितीतरी घरांत लोखंडी पेटीच्या तळाशी सापडेल. गुणपत्रिका, जातीचा दाखला, आणि त्यांच्यामध्ये घडी पडलेलं एम्प्लॉयमेंट कार्ड. आमच्या पिढीत बी.ए. झालं की पहिलं काम ते कार्ड काढायचं. शेजारीही विचारायचे, "नाव घातलं का?" नाव घातलं म्हणजे नोकरी ठरलीच, आता फक्त कॉल यायचा, असाच समज होता. हा समज कुठून आला आणि त्याचं पुढे काय झालं, ते आज पाहू.

सुरुवात युद्धापासून होते. जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना काम लावून देण्यासाठी केंद्र सरकारनं एक महासंचालनालय काढलं. फाळणीनंतर तिथं निर्वासितांची नोंद होऊ लागली आणि १९४८ पासून ते सर्वांसाठी खुलं झालं. यामागचं गृहीतक ध्यानात घ्या : काम आहे, माणूसही आहे, फक्त दोघांची गाठ पडत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी या कार्यालयांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. त्याच दिवशी आपला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. पुढे १९५९ चा कायदा झाला : रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं सक्तीचं. तो अमलात आला १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र जन्मला त्या दिवशी. आपल्या राज्याचं आणि या कायद्याचं वय एकच.

आता हा कायदा नीट वाचू या. जागा कळवणं सक्तीचं आहे, पण कार्यालयानं पाठवलेल्या माणसाला घेणं सक्तीचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. खाजगी क्षेत्रात तो पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाला. शेतीतलं काम जवळजवळ पूर्ण वगळलेलं. आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. धानाची शेती, लहान राइस मिली, घरोघर वळली जाणारी बिडी, पितळेची भांडी घडवणारे कारागीर, आंधळगावचे कोशाचे विणकर. म्हणजे इथले बहुतेक लोक ज्या कामावर जगत होते, ते काम त्या खिडकीवर येणारच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मोठे उद्योगही आलेच की. खरं आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी होत्याच. मग जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा अशोक लेलँड, वरठीचा सनफ्लॅग. पण त्यांना फिटर हवा होता, टर्नर हवा होता, इंजिनिअर हवा होता. इथं दुसरा एक कायदा पाहा. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. साध्या बी.ए., बी.कॉम.ला तो दरवाजा उघडला २०१४ च्या दुरुस्तीनं. त्रेपन्न वर्षांनी! तोवर आम्ही वर्गात प्लेटो शिकवत होतो आणि मुलं कारखान्याच्या फाटकासमोरून सायकलनं घरी जात होती.

विद्यापीठांनी काही केलं नाही असं नाही. साठच्या दशकात देशातल्या विद्यापीठांत रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रं निघू लागली. पण आपला विद्यार्थी भंडाऱ्यात आणि त्याचं विद्यापीठ साठेक किलोमीटरवर नागपुरात. पवनीच्या पलीकडच्या मुलाला ते आणखी दूर. आमचा एक विद्यार्थी दर खेपेला कार्डाचं नूतनीकरण करायला एसटीनं यायचा आणि जाता जाता आम्हाला भेटायचा. एकदा म्हणाला, "सर, कॉल काही आला नाही जी. कार्ड मात्र जुनं होऊन रायलं." आम्ही म्हटलं, "येईल, धीर धर." आज वाटतं, ते उत्तर फार सोपं होतं. आम्ही तो कायदा वाचलाच नव्हता.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं विश्वेश्वर राव खटल्यात सांगितलं, की सरकारी भरतीत केवळ सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या नावांवर थांबू नका, जाहिरातही द्या आणि जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करा. निकाल न्याय्य होता. ज्याला कॉल आला नाही त्यालाही संधी मिळाली. पण जो पंधरा वर्षं रांगेत उभा होता, त्याची रांग मोडली. रांगेचा न्याय वेगळा आणि स्पर्धेचा न्याय वेगळा. एकातून दुसऱ्यात जाताना मधल्या माणसाचं काय, हे कुणी विचारलं नाही.

आज कार्डाच्या जागी पोर्टल आहे, रोजगार मेळावे आहेत, महाविद्यालयात प्लेसमेंट सेल आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं सेवायोजन कार्यालयाला 'करिअर सेंटर' म्हटलं. पण तिथंही मालकावर त्या केंद्रामार्फतच भरती करण्याचं बंधन नाही. नाव बदललं, कलम राहिलं. नॅकच्या मूल्यांकनात प्लेसमेंटचे आकडे मागतात, ते चांगलंच आहे. पण आकडा ऑफर लेटरच्या दिवसाचा असतो. तो मुलगा सहा महिन्यांनी पुण्याहून परत आला, तर तो कुठल्या रकान्यात जातो?

म्हणून आमचं मागणं छोटं आहे. प्रत्येक महाविद्यालयानं एक वही ठेवावी. पदवीनंतर पाच वर्षं, दरवर्षी एकदा, प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करावा : कुठं आहेस, काय करतोस, आम्ही शिकवलेलं काय उपयोगी पडलं? उत्तरं खरी लिहावीत, गैरसोयीची असली तरी. मुलांना आजवर आम्ही विचारत आलो, "नाव घातलं का?" त्यांची नावं आता आम्ही आमच्या वहीत घालू या.