खणाचे तुकडे आणि पोंचो

मैत्रिणींनो, माझ्यासारख्या सातवी पास बाईने इतिहास लिहायला बसावे, हे थोडे धाडसाचेच. पण शिवणवर्गात मी दाखवलेल्या पोंचोची हकीकत स्मरणिकेसाठी लिहून द्या, असा सगळ्याजणींचा आग्रह पडला, म्हणून लिहिते.

माझी आई शेजारणींच्या चोळ्या शिवून देई. उरलेले खणाचे तुकडे ती कधी टाकत नसे. उशीच्या एका अभ्र्यात भरून ठेवी. ती गेल्यावर तो अभ्रा माझ्याकडे आला. मागच्या वर्षी माझी लेक शिकायला थंडीच्या गावी निघाली. म्हणाली, "आई, आजीच्या तुकड्यांचा मला पोंचो शिवून दे."

आधी जुन्या चादरीवर करून पाहिला. मधोमध गळा कापला, तो इतका मोठा झाला की पोंचो खांद्यावरून घसरू लागला. चादरीचे काही नाही. पण आईच्या तुकड्यांना कात्री लावायचा मला धीरच होईना.

तेव्हा लेकीने या वस्त्राचा इतिहास वाचून दाखवला. पोंचो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथे थंडी कडक, आणि लोकर लामा व अल्पाका या जनावरांची. पेरू देशातील पाराकास येथे हुलिओ तेल्यो या संशोधकाला १९२७ साली जुनी दफनभूमी सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मृतांना कपड्यांत गुंडाळून तिथे ठेवले होते. वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे ते भरतकाम आणि त्याचे रंग टिकून राहिले. त्या वस्त्रांत आखूड पोंचोही होते. तिथले विणकर हवे तेवढेच कापड विणीत, चारही बाजूंना काठ धरून. दोन पट्ट्या मधोमध जोडायच्या आणि डोक्यापुरती फट ठेवायची. कात्री नाही, म्हणून चिंधीही नाही!

ऐकताना मला आपली साडी, उपरणे आठवले. पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेणारा धनगर आठवला. आपल्याकडेही न कापलेल्या कापडाला मान होताच. पुढे अमेरिकेत इलायस होवे यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. यंत्रे घरोघरी आली, शिलाई वाढली, तसे कातरणही वाढले. त्या कातरणाची आपल्या बायकांनी गोधडी केली, बाळाची कुंची केली.

मग मीही गळा न कापण्याचे ठरवले. तुकडे जोडून १८ इंच रुंद व ३० इंच लांब अशा दोन पट्ट्या केल्या. आतून जुन्या सुती लुगड्याचे अस्तर लावले. एका पट्टीची आखूड बाजू दुसरीच्या लांब बाजूला एका टोकापासून जोडली. दुसरीची आखूड बाजू तशीच पहिलीला. दोन्हीकडे १२-१२ इंच मोकळे राहिले, तोच गळा. शिवण्यापूर्वी डोक्याचा घेर मात्र मोजून घ्यावा.

लेकीने तो अंगात घातला, आरशात पाहिले आणि छातीवरच्या लाल तुकड्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, माझी कुंची याच खणाची होती ना?"

होती. तिच्या बारशाला आईनेच ती शिवली होती. मी विसरले होते. अभ्र्यातले तुकडे विसरले नव्हते.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असे एखादे बोचके असेल. पुढच्या वर्गाला ते घेऊन या. कात्री घरीच राहू द्या.