श्रीरामपूरची सनद : एका ख्रिस्ती विद्यापीठाची स्थित्यंतरे

श्रीरामपूर म्हटले की महाराष्ट्रातील त्या नावाचे गाव आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या श्रीरामपूरची विद्यापीठीय पदवी आपल्यापैकी अनेक धर्मसेवकांनी संपादन केली आहे, ते बंगालमध्ये, कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. मराठीशी त्याचे नाते जुने आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, मराठी कोश १८१० मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये तेथील मुद्रणालयातूनच बाहेर पडले. या कामी पंडित वैजनाथ शर्मा यांचे त्याला मोठे साहाय्य झाले.

ईस्ट इंडिया कंपनीचा त्या काळी मिशनऱ्यांना विरोध होता. म्हणून कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे तिघे बाप्टिस्ट सेवक डेन्मार्कच्या ताब्यातील या लहानशा वसाहतीत आश्रयास राहिले. १८१८ मध्ये त्यांनी येथे महाविद्यालय स्थापिले. प्रारंभीच्या ३७ विद्यार्थ्यांत १९ ख्रिस्ती होते व उरलेले बिगरख्रिस्ती. पौर्वात्य वाङ्मय आणि पाश्चात्त्य विज्ञान ही दोन्ही एकाच छपराखाली शिकवावीत, असा संस्थापकांचा संकल्प होता. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन या महाविद्यालयास पदव्या प्रदान करण्याचा अधिकार बहाल केला.

१८३३ साली तयार झालेली नियमावली आजही वाचण्याजोगी आहे. जात, वर्ण अथवा देश यांमुळे कोणासही प्रवेश नाकारला जाऊ नये, असे तीत नमूद आहे. प्रॉटेस्टंट, रोमन कॅथलिक, ग्रीक व आर्मेनियन अशा कोणत्याही मंडळीचे विद्यार्थी येथे येऊ शकत. हिंदू व मुसलमान तरुणांसही अध्ययनासाठी द्वार मोकळे होते. अध्यापकांनी मात्र ख्रिस्ताचे देवत्व व त्याचे प्रायश्चित्त मान्य केले पाहिजे, अशी अट होती. श्रद्धा दृढ ठेवावी आणि दार उघडे ठेवावे, हा या नियमांचा आशय.

भाषेच्या बाबतीतही संस्थापकांची दृष्टी स्वतंत्र होती. लोकांच्या भाषांतून व संस्कृतातून ज्ञान द्यावे, असे त्यांचे मत होते. जॉन मॅक या अध्यापकाने रसायनशास्त्रावरील पुस्तक बंगालीत सिद्ध केले, ते याच धोरणाचे फळ. परंतु १८३० मध्ये अलेक्झांडर डफ कलकत्त्यास आला आणि इंग्रजी माध्यमाच्या मिशनशाळेचा नवा नमुना त्याने घालून दिला. पुढील काळाने श्रीरामपूरचा नव्हे, तर डफचा मार्ग पत्करला.

यानंतर पडता काळ आला. वॉर्ड १८२३ मध्ये, कॅरी १८३४ मध्ये व मार्शमन १८३७ मध्ये निवर्तले. कलकत्त्यातील व्यापारी पेढ्या बुडाल्याने संस्थेच्या ठेवीही बुडाल्या. १८४५ मध्ये डेन्मार्कने ही वसाहत कंपनीला विकली. सनदेतील हक्क त्या करारात अबाधित राखले गेले खरे, पण ते वापरावयाचे कोणी? बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीच्या हाती आलेले महाविद्यालय १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न झाले. स्वतः पदवी देण्याचा अधिकार असलेली संस्था दुसऱ्याच्या पदवीसाठी विद्यार्थी तयार करू लागली. १८८३ मध्ये तर सामान्य शिक्षणाचे वर्गही बंद पडून केवळ ख्रिस्ती सेवकांचे प्रशिक्षण तेवढे उरले.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी पेटीत पडून असलेली ती सनद पुन्हा बाहेर काढली. १९१० मध्ये उच्च ईश्वरविज्ञानाचे वर्ग सुरू झाले आणि १९१५ मध्ये पहिल्या बी. डी. पदव्या प्रदान करण्यात आल्या. सनद मिळाल्यापासून तब्बल ८८ वर्षे लोटली होती. त्यानंतर १९१८ च्या कायद्याने विविध मंडळ्यांना कारभारात स्थान मिळाले व पदव्यांची व्यवस्था पाहणारे सिनेट अस्तित्वात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सनद एका मिशनच्या हाती होती, तोवर ती निष्फळ राहिली. इतर मंडळ्यांना वाटा दिल्यावरच ती फलद्रूप झाली. आज बंगळूर, हैदराबाद व इतरत्रची धर्मविद्यालये या सिनेटशी संलग्न आहेत. मूळ महाविद्यालयातील कला व विज्ञान शाखा मात्र कलकत्ता विद्यापीठाकडे आहेत. संस्थापकांनी एकत्र बांधलेली धर्मविद्या व लौकिक विद्या यांची अशी फारकत झाली. पहिल्या बदलाने आपल्याला लाभ झाला; दुसऱ्याने काही तरी गमावले, हे मान्य केले पाहिजे.

आणि भाषेचे काय? आपण बहुतांशी इंग्रजी ग्रंथांवरून अभ्यास करतो व मराठीत उपदेश करतो. बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथे प्रवचनपीठावर उभे राहिल्यावर कृपा, तारण, देहधारण या शब्दांचा अर्थ सुबोध मराठीत उलगडताना आपली किती तारांबळ उडते, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. धर्मशिक्षकांच्या हाती देण्याजोगी मराठी पाठ्यपुस्तके लिहिण्यास राजाची सनद लागत नाही. वैजनाथ पंडितांजवळ बसून मराठी शिकणाऱ्या कॅरीचे ते काम अपुरे राहिले आहे, आणि ते पुढे नेण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.