लायब्निट्झचें दप्तर

जर्मनींतील हॅनोव्हर शहराच्या ग्रंथालयांत गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निट्झ या तत्त्ववेत्त्याचें दप्तर आहे. त्याची पृष्ठसंख्या सुमारें दोन लाख भरते. नुसतीं पत्रेंच पंधरा हजारांच्या आसपास आहेत. बाकीच्या कागदांत गणित आहे, तर्कशास्त्र आहे, कायदा आणि धर्मशास्त्र आहे. खाणींतलें पाणी उपसण्याच्या योजना आहेत, राजकुळांच्या वंशावळी आहेत, चीन देशाविषयींचीं टिपणें आहेत. पुष्कळसे लेख आरंभ करून तसेच टाकून दिलेले. कित्येकांचे दोन-दोन, तीन-तीन मसुदे, आणि त्यांतला आधींचा कोणता व नंतरचा कोणता हें ठरविण्यासाठीं विद्वानांना कागदांतील जलचिन्हें तपासावीं लागतात. एवढें लिहिणाऱ्या या पुरुषानें आपल्या हयातींत छापून प्रसिद्ध केलेला तत्त्वज्ञानावरील मोठा ग्रंथ मात्र अवघा एक.

इ. स. १६९५ मध्यें हँबुर्ग येथील विद्वान् व्हिन्सेंट प्लाकिउस यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपली अवस्था मोकळेपणीं सांगितली आहे. जुने दस्तऐवज धुंडाळावे, पत्रांचा ढीग उपसावा, आणि त्यांतच गणितांतल्या व तत्त्वज्ञानांतल्या इतक्या नव्या गोष्टी मनांत उभ्या राहाव्या, कीं कशाला आधीं हात घालावा हेंच उमजूं नये, असा त्याचा आशय आहे. हें लिहिणारा कोणी उमेदवार विद्यार्थी नव्हता. तो एकोणपन्नास वर्षांचा होता, आणि शून्यलब्धीची आपली पद्धति प्रसिद्ध करून त्याला अकरा वर्षें झालीं होतीं. श्रोत्यांपैकीं जे लेखनाचा, चित्रकलेचा किंवा संगीताचा व्यासंग करतात, त्यांना हें दुखणें ओळखीचें वाटेल. कांहीं सुचत नाहीं म्हणून कष्टी झालेल्या माणसाची लोक कींव तरी करतात. फार सुचतें म्हणून जो कासावीस होतो, त्याला घरचीं माणसें धरसोड्या म्हणतात आणि मोकळीं होतात.

लायब्निट्झला धरसोड्या म्हणावें असा पुरावा वरवर पाहतां भरपूर आहे. इ. स. १६७६ च्या अखेरीस तो हॅनोव्हरच्या ड्यूकच्या पदरीं आला. हार्ट्झ पर्वतांतील रुप्याच्या खाणींत सांचणारें पाणी पवनचक्क्यांच्या जोरावर उपसून काढावें, या योजनेवर त्याचीं पांच-सहा वर्षें गेलीं. वारा बेभरंवशाचा निघाला, खाणीवरचे अधिकारी प्रतिकूल होते. १६८५ त ड्यूक एर्न्स्ट आउगुस्ट यानें तें काम थांबविलें. त्याच वर्षीं त्याच्याकडे दुसरें काम आलें. ड्यूकच्या घराण्याचा, म्हणजे ग्वेल्फ कुळाचा, इतिहास त्यानें लिहावा. मोबदल्यांत तहहयात वेतन, प्रवासखर्च आणि हाताखालीं लेखनिक मिळावा. थोड्या वर्षांत हें उरकेल अशी दोन्ही पक्षांची समजूत होती.

या कामासाठीं १६८७ च्या शरदांत तो घराबाहेर पडला, तो १६९० च्या उन्हाळ्यांत परतला. ऑग्सबुर्ग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम, नेपल्स, मोडेना असा तो हिंडला. मठांतलीं बाडें उलगडलीं, थडग्यांवरचे लेख उतरून घेतले. मोडेना येथें एस्टे घराण्याचें दप्तर पाहून त्यानें सिद्ध केलें, कीं इटलींतील एस्टे आणि जर्मनींतील ग्वेल्फ हीं एकाच मूळ पुरुषाचीं कुळें होत. ड्यूकला मुख्यतः हवें होतें तें एवढेंच. या वेळीं चार-पांचशें पानांचा ग्रंथ लिहून तो मोकळा झाला असता, तर त्याचें पुढचें आयुष्य निराळें झालें असतें. पण वाटेंत रोम येथें चीनमध्यें राहून आलेल्या ग्रिमाल्दी नांवाच्या जेझुइट पाद्र्याशीं त्याची गांठ पडली, आणि चीनविषयींच्या प्रश्नांचें एक नवें प्रकरण सुरू झालें. शिवाय खुद्द इतिहासाचाच पाया खोल जाऊं लागला. घराणें या भूमीवर नांदलें. मग त्याच्या आधीं येथें कोण राहत होतें? ते लोक कोठून आले, हें त्यांच्या भाषांवरून कळेल काय? आणि लोक येण्यापूर्वीं ही भूमि कशी होती? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर म्हणून त्यानें पृथ्वीच्या जडणघडणीवर ‘प्रोटोगेआ’ नांवाचा निबंध लिहिला. खडकांतले शिंपले आणि मत्स्यांच्या आकृति यांचा त्यांत विचार आहे. फसलेल्या खाणकामांत जें डोळ्यांनीं पाहिलें तें येथें उपयोगीं पडलें. एका राजघराण्याच्या बखरीची ही प्रस्तावना! ती छापली गेली १७४९ त, लेखकाच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनीं.

माझ्या मतें या माणसाचें मन एका विषयाला कंटाळून दुसऱ्याकडे पळत नव्हतें. हातांतला विषय सोडवत नसे, म्हणूनच तो त्याच्या मुळाशीं जाई, आणि तेथें दुसऱ्या दहा विषयांचीं मुळें गुंतलेलीं सांपडत. त्यानें उपाय केले नाहींत असेंही नाहीं. सुचेल तें हाताशीं असलेल्या कागदावर टिपावें, मग कात्रीनें तुकडे करून विषयवार लावावे, ही त्याची रीत होती. प्लाकिउसनें १६८९ त टिपणें ठेवण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत विषयांच्या नांवाखालीं आंकडे बसवून त्यांना चिठ्या अडकविण्याचें एक कपाट वर्णिलें आहे. तसलें कपाट लायब्निट्झनेंही मिळविलें. परंतु चिठ्या लावण्यास सवड लागते, आणि नवी चिठी लिहिण्यास ती लागत नाहीं. केलेलें काम आपण थोड्या महिन्यांत विसरतों, आणि कागदांच्या गर्दींत तें शोधण्यापेक्षां पुन्हां नव्यानें करणें भाग पडतें, अशी कबुली त्यानेंच दिलेली आहे.

मग पूर्ण काय झालें? येथें एक गोष्ट लक्ष वेधून घेते. १६८६ च्या आरंभीं खाणींच्या मुलुखांत कांहीं दिवस हाताला काम नव्हतें. तेवढ्यांत त्यानें अध्यात्मविषयावर सदतीस कलमांचा निबंध लिहिला, आणि त्याचा सारांश आर्नो या फ्रेंच पंडिताकडे पोंचविला. आर्नोनें आक्षेप घेतले, यानें उत्तरें दिलीं, आणि त्या पत्रव्यवहारांत त्याचें तत्त्वज्ञान आकाराला आलें. ‘थिओडिसी’ हा त्याचा एकमेव प्रसिद्ध मोठा ग्रंथ १७१० चा. तो प्रशियाची राणी सोफी शार्लट हिच्याशीं झालेल्या संभाषणांतून निघाला. १७१४ तील ‘मोनाडोलॉजी’ अवघ्या नव्वद कलमांची, आणि तिच्यामागेंही फ्रान्समधील जिज्ञासूंची विचारणा होती. याच्या उलट लॉकच्या ग्रंथावरील प्रदीर्घ परीक्षण जवळजवळ पुरें झालें असतां १७०४ त लॉक वारला. ज्याला उत्तर द्यावयाचें तोच राहिला नाहीं, असें पाहून यानें हस्तलिखित बाजूला ठेवलें. तें जगापुढें यावयास १७६५ साल उजाडलें. पलीकडे कोणी विशिष्ट माणूस उत्तराची वाट पाहत असला, म्हणजे या विचारसागराला कांठ सांपडे.

वाट तर ड्यूकही पाहत होता, असें कोणी म्हणेल. पण तो ‘किती झालें?’ एवढेंच विचारी. ‘तुम्हांला काय आढळलें?’ हा प्रश्न आर्नोचा आणि राणीचा होता. एर्न्स्ट आउगुस्ट १६९८ त वारला. त्याचा पुत्र गेओर्ग लुडविग यास तर इतिहासाचा ग्रंथ तेवढा हवा होता. लायब्निट्झनें मूळ साधनांचे तीन मोठे खंड १७०७ ते १७११ या काळांत छापले, पण इतिहास कांहीं हातीं येईना. ऑगस्ट १७१४ मध्यें इंग्लंडची राणी ॲन मरण पावली आणि हाच गेओर्ग तेथला पहिला जॉर्ज राजा झाला. लायब्निट्झ व्हिएन्नाहून धांवत हॅनोव्हरला पोंचला तों राजाला निघून तीन दिवस झाले होते. त्याला लंडनला येऊं देण्यांत आलें नाहीं. आधीं इतिहास पुरा करावा असा हुकूम झाला. सांधेदुखीनें जर्जर झालेला तो वृद्ध पुढचीं दोन वर्षें लिहीत बसला. इ. स. ७६८ पासून आरंभलेली हकीकत त्यानें १००५ पर्यंत आणली, आणि १४ नोव्हेंबर १७१६ रोजीं तो वारला. तें हस्तलिखित छापलें गेलें तें १८४३ ते १८४६ या वर्षांत.

मृत्यूनंतर त्याच्या खोल्यांना राजाच्या आज्ञेनें टाळें लागलें. कागदांत दरबाराचीं गुपितें असतील ही त्यामागची भीति; पण तिच्यामुळेंच चिठ्ठीचपाटीसुद्धां वांचली. समग्र लेखनाच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला खंड १९२३ त निघाला. त्याला शंभर वर्षें उलटलीं, तरी काम चालूंच आहे. लायब्निट्झनें कात्रीनें कापलेले तुकडे मूळच्या पानांशीं जुळविण्याचे प्रयत्नही अलीकडे संगणकाच्या साहाय्यानें झाले आहेत.